दाताखालचा पदर

"सासरी पहिल्याच वर्षात चांगली ठरू नकोस गं बाई. एकदा ठरलीस की मग उतरता येत नाही," असं विमलबाई मला माझ्या हळदीच्या दिवशी म्हणाल्या होत्या. विमलबाई म्हणजे कल्याणला आमच्या शेजारच्या खोलीतल्या, तोंडाने फटकळ, नवऱ्याशी भांडून दोनदा माहेरी जाऊन आलेल्या. त्यांचं काय ऐकायचं, असं मला वाटलं. मी बी.ए. झाले होते, मला निबंधात आणि वागणुकीत कायम चांगले शेरे मिळत आलेले होते, आणि चांगलं ठरणं यात उतरण्यासारखं काय असतं हे मला कळत नव्हतं. "मग काय मुद्दाम वाईट वागू?" मी विचारलं. "वाईट नको वागूस. मधली राहा. मधल्या बाईकडे कोणी बघत नाही, तिला सुखानं शिंकता तरी येतं." सगळ्या बायका हसल्या, मीही हसले, आणि हळदीचे हात तसेच पुढे धरून बसून राहिले, कारण नवरी मुलीने फार हलायचं नसतं.

मंगळवारी सकाळी शेवूचं बोट ट्रंकेच्या झाकणात सापडलं. शेवू माझी मुलगी, चार वर्षांची. मी मोरीत कपडे धूत होते. खोपोलीत सकाळचं पाणी जायच्या आत जेवढं उरकेल तेवढं उरकायचं असतं. पाठीमागे पत्र्याचा खण् असा आवाज झाला आणि माझे हात साबणासकट थांबले. अशा आवाजानंतर पुढचा आवाज येणार, तो किती मोठा येतो त्यावरून किती लागलंय ते कळणार, इतकं सगळं अंगाला न सांगता ठाऊक असतं. पुढचा आवाज आला नाही. वाचली, असं म्हणून मी कपड्याला पुन्हा साबण लावलासुद्धा. मग काय वाटलं कोण जाणे, वळून पाहिलं. ती ट्रंकेपाशी उभी होती, बोट अजून आतच होतं, दुसऱ्या हाताने ती झाकण उचलू बघत होती, आणि फ्रॉकची कड तिने तोंडात घट्ट धरून ठेवली होती. मी धावले, झाकण वर केलं, बोट सोडवलं. नखाखाली रक्त साकळून काळं होत चाललं होतं. "रड," मी म्हणाले. "शेवू, रड की गं." तिने फ्रॉक तोंडातून काढला. तिला धाप लागली होती. माझ्याकडे बघून, थेट कळंबच्या, माझ्या सासरच्या बोलीत, ती म्हणाली, "मी नाय रडले. आजीला सांग हां."

मी तिला उचलून घेतलं तेव्हा तिचं अंग चटका बसेल इतकं तापलेलं होतं. कालपासून गं? कालपासून. मग सांगितलं का नाहीस? "शहानी पोर सांगत नाय," शेवू म्हणाली आणि माझ्या खांद्यावर मान टाकली. काल दिवसभर ही माझ्यासमोर खेळत होती, वरणभात अर्धा ठेवला तेव्हा मी नखरे करू नकोस म्हणून रागावले होते. मी सारखी तिच्यावर नजर ठेवणारी बाई आहे. हिरामण, माझा नवरा, मला पहारेकरी म्हणतो. रात्रपाळीहून येतो तेव्हा दार लोटण्याआधीच मी उठून बसलेली असते. आणि पोर माझ्या देखत तापाने भाजत होती आणि मला कळलं नव्हतं, कारण मी ऐकून बघणारी होते, आणि ऐकण्यासारखं तिने काही ठेवलंच नव्हतं. हे तिला कोणी शिकवलं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला तो उगाच विचारायचा म्हणून. शिमग्याला आम्ही कळंबला गेलो होतो, तेव्हा आजीच्या मांडीवर बसून ती गोष्ट ऐकत होती. गोष्ट माझीच होती.

माझ्या सासूबाई, गौराबाई, ती गोष्ट फार छान सांगतात. पहिलं बाळंतपण माहेरी ही जगाची रीत, पण या घरी पहिलंसुद्धा सासरीच करतात, आणि बाळंतिणीने आवाज करायचा नाही हीसुद्धा या घरची रीत. मार्गशीर्ष होता, बाहेर खळ्यावर झोडणी चालू होती. भाताच्या पेंढ्या लाकडावर आपटत होत्या, ढप, ढप, आणि त्या प्रत्येक ढपमागे एक कळ येत होती, की प्रत्येक कळीमागे एक ढप, ते मला आता सांगता येणार नाही. "खळ्यावर बाप्ये हायती," सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या आणि त्यांनी एका जुन्या लुगड्याचा पदर घडी करून माझ्या दातांत दिला. तो त्यांच्या सासूचा होता. तिच्या दातांखाली आलेला, मग यांच्या. ज्या बाईचा आवाज बाहेर गेला नाही तिचाच पदर पुढे जातो. मी चावला. मी चांगल्या शेऱ्यांची मुलगी होते. दुपार टळली आणि शेवू झाली, आणि खळ्यावरच्या माणसांना पोर रडल्यावरच कळलं की आत काही चाललं होतं.

पाचवीच्या पूजेला गावच्या बायका जमल्या तेव्हा सासूबाईंनी तो पदर सगळ्यांना दाखवला. "बघा गं, दाताच्या खुना. शिकलेली हाय म्हनून म्हनत हुत्या ना तुमी, ही काय सोसनार? हूं नाय का चू नाय केलं लेकीनं." मग नेहमीप्रमाणे पारूची पाळी आली. पारू शेजारच्या घरातली, तिच्या पहिल्या वेळेला तिने सगळा पाडा डोक्यावर घेतला होता. "आन् आमची पारू," कोणीतरी म्हणालं, "तिच्या बोंबेनं माथेरानची माकडं खाली उतरली!" "माकडं नाय, तुजा नवराच आला हुता बघाय," पारू म्हणाली, आणि इतकं हसू झालं की पाळण्यातली शेवू दचकली. पारूही हसली. पण हसून झाल्यावर तिने पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. मला तेव्हा तिची थोडी कीव आली. मला हिरवं लुगडं मिळालं होतं. सासूबाई माझ्या केसांतून हात फिरवत होत्या. त्या दिवशी मी फार सुखात होते. पारूला तिच्या बोंबेमुळे बैलगाडीत घालून कर्जतला नेलं होतं, तिथे डॉक्टरने पोर आडवं होतं ते सोडवलं, तो पोरगा आता शाळेत जातो. हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते कोणी सांगत नाही, माकडांचं सांगतात.

आणि माझ्या गोष्टीतलंही एक सांगत नाहीत. शेवू झाल्यावर सगळ्या बायका पोर बघायला चुलीकडच्या उजेडात गेल्या होत्या. मी बाजेवर होते. मला पाठीखाली ऊब वाटत होती, छान ऊब, आणि झोप येत होती. ती ऊब काय आहे ते मला समजत होतं. मी कोणाला तरी हाक मारावी असं मला वाटतही होतं, पण दातांत पदर तसाच होता आणि तो काढावा हे सुचलं नाही, की सुचलं पण आता शेवटी शेवटी कशाला बिघडवा असं वाटलं. मला हे दुसरंच खरं असावं अशी भीती वाटते. सुईण सोनुबाई वळली तेव्हा बाजेखालच्या जमिनीत रक्ताचं थारोळं झालं होतं. मग काय काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. माझे पाय कोणीतरी वर धरलेले, सोनुबाईची मूठ माझ्या पोटात रुतलेली, आणि सासूबाई माझ्या गालांवर चापट्या मारत, रडत ओरडत होत्या, "बोल गं बये! वरड! काय तरी बोल की गं!" त्यांचा तो आवाज नक्कीच खळ्यापर्यंत गेला असणार. पाचवीला त्यांच्या गोष्टीत तो आवाज नव्हता. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना तेवढं विसरावंच लागलं असेल. त्यांची स्वतःची दोन बाळं या घरात गेली, ती कशी गेली हे मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "गेली. गप गेली." आणि भाकरी उलटली.

शेवूला घेऊन मी दवाखान्यात गेले. बाकावर गर्दी होती, ऊन पत्र्यावर तापत होतं, समोरच्या डोंगरावरचे पाण्याचे मोठे नळ उन्हात चकाकत होते. माझ्या समोरच्या भिंतीवर तेलरंगाने गरोदर बायकांसाठी सूचना लिहिलेल्या. या भिंतीसमोर मी कितीदा बसले आहे, शेवूच्या खोकल्याला, लशींना, हिरामणच्या हाताच्या भाजण्याला. डोळे अक्षरांवरून फिरले असणारच. त्या दिवशी बसल्या बसल्या, शेवूचं गरम डोकं हनुवटीखाली घेऊन, मी वाचलं. पायावर, तोंडावर सूज. सतत डोकेदुखी. डोळ्यांपुढे चमकणे, अंधारी. यातले काहीही झाल्यास ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे. झटके येऊन आई व मूल दोघांच्या जिवास धोका. मी ते एकदा वाचलं आणि मला मैना दिसली.

मैना माझी धाकटी जाऊ. नामाची, माझ्या दिराची, बायको. नामा चौक गावी गॅरेजात असतो, हायवेवरच्या मालकाचा टेंपो चालवतो, आठवड्याने घरी जातो. मैना कोंडाण्याची, आई लहानपणीच गेलेली, अठरा-एकोणीस वर्षांची, हसली की हात तोंडावर नेणारी. तिला आता आठवा लागला असेल. शिमग्याला ती अंगणात वाल निवडत बसली होती. चेहरा मला भरलेला दिसला. बाळसं आलंय आईला, असं मी थट्टेने म्हणाले. खडे आणि वाल वेगळे करताना तिचे वाल सुपाच्या कडेवरून बाहेर पडत होते, ती बोटांनी चाचपून गोळा करत होती. "काय गं, दिसत नाही का?" "दिसतंय की ताय. जरा दिवसाचं काजवं दिसत्यात मला, उनात. शिमग्याचं काजवं!" आणि हात तोंडावर नेऊन हसली. कपाळाला तिने ओला फडका बांधला होता, त्यावर ती म्हणाली, उकाडा लई हाय. जोडवी काढलेली होती, बोटांत रुतत होती म्हणून, आणि सासूबाई त्यावरून तिला बोलल्या होत्या. मी हे सगळं बघितलं. एकेक वेगळं वेगळं बघितलं. सुपात एकत्र घालून बघितलं नाही. मी तिला विचारलं, "बरी आहेस ना गं?" तिने मान वर केली, तिचे डोळे माझ्यावर नीट ठरत नव्हते, पण त्यांत असं काही तेज होतं की मला बरंच वाटलं. "बरी हाय. ताय, आयनी तुमचाच पदर ठेवलाय माझ्यासाठी, ट्रंकेत. मी बी तुमच्यावानीच करनार. बघाच तुमी." त्या वेळी शेवू आमच्यामध्ये उकिडवी बसून वाल मोजत होती. मला काय म्हणायचं होतं? मला तिला सांगता आलं असतं. बाजेखालचं. पण सासूबाई ओट्यावर होत्या, आणि पोरीच्या तोंडावर इतकं कौतुक होतं, माझं कौतुक, आणि ते मला गोड लागलं. "हो गं," मी म्हणाले. "होईल नीट."

डॉक्टरांनी शेवूचं तोंड उघडून पाहिलं, कानांमागे पाहिलं, आणि म्हणाले, गोवर. घरीच ठेवा, अंधारात ठेवा, इतर मुलांत नको, आणि गरोदर बाईच्या तर आसपास नको. मी विचारलं, मी गेले तर? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही कुठे जाणार? ही तुम्हाला सोडेल का?" मग मी त्यांना मैनाचं सांगितलं, सूज, काजवे, फडका. ते म्हणाले, मी न बघता काय सांगणार, पण घेऊन या, आजच आणा, थांबू नका. ते आज म्हणाले याला आता चार दिवस झाले.

गोवराच्या घरातली बाई गरोदर बाईच्या उंबऱ्यात जात नाही, हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती, ते सासूबाईंनाही माहीत आहे. मी कळंबला गेले तरी त्या मला अंगणाबाहेरून परत पाठवतील. म्हणून मी हिरामणला सांगितलं. तो पाळीवरून आला होता, जेवताना डोळे मिटत होते. "आय हाय की तितं," तो म्हणाला. "तिनं काय कमी बाळंतपनं बगितली?" मी म्हणाले, तीच तर बघतेय, तिला दिसणार नाही. "म्हंजे?" त्याच्या आईबद्दल सांगायचं म्हणजे बाजेखालचं रक्त सांगावं लागणार, आणि त्याला ते कोणी कधी सांगितलेलं नाही. तो त्या दुपारी खळ्यावर पेंढ्या झोडत होता. मला वाटलं त्याला आत्ता सांगावं. त्याने ताटातला भात संपवला, हात धुतले आणि भिंतीला टेकून झोपी गेला.

मग मी नामाला निरोप धाडला. चौकहून खोपोलीला माल घेऊन येणाऱ्या एका ड्रायव्हरकडून. नामा दुसऱ्याच दिवशी कळंबला जाऊन आला, चांगला आहे तो पोरगा, बायकोवर जीव आहे, आणि येताना मुद्दाम खोपोलीपर्यंत आला आणि दाराबाहेर उभा राहून, शेवूला हात हलवत, हसत म्हणाला, "वयनी, तुमी उगाच घाबरताय. मी इचारलं तिला, समोर बसवून इचारलं. बरी हाय म्हनली. आयला बी इचारलं. आय म्हनली, तिचं काय, थोरलीवानीच हाय ती, गप सोसनारी."

"तिचे पाय बघितलेस का?"

"पाय?" तो लाजला. "आयच्या म्होरं पाय कशाला बगू मी, वयनी?"

"डोकं दुखतं का विचारलंस?"

"सांगितलं असतं की तिनं."

नाही सांगणार, मी म्हणाले. नाही सांगणार ती, नामा. मीच तिला सांगितलंय न सांगायला. त्याला ते कळलं नाही. तो शेवूकडे बघत म्हणाला, "आन् ही बगा, गोवर आलाय तरी रडत नाय! कळंबची पोरगी हाय." शेवू पांघरुणातून त्याच्याकडे बघून हसली, डोळे लाल, ओठ सुकलेले. मी दार लावून घेतलं. ते बरं दिसलं नसेल. थोरल्या वयनीने दिराच्या तोंडावर दार लावलं, हे आता कळंबला जाईल, आणि जाऊ दे.

तेव्हापासून मी शेवूपाशी बसून आहे. खिडकीला चादर लावली आहे. तिला मी दर थोड्या वेळाने विचारते, कुठे दुखतंय? ती म्हणते, नाय. मी म्हणते, दुखतंय म्हण. दुखतंय म्हटलंस तर गोळी देईन, लिमलेटची. काल दुपारी ती पहिल्यांदा म्हणाली, डोळं दुखत्यात. इतकं हळू, की चोरी केल्यासारखं. मी तिला गोळी दिली, आणि तिने ती दातांत धरून माझ्याकडे पाहिलं, मी रागावते का ते बघायला. आज सकाळी ती रडली. मोठ्याने, भोकाड पसरून, अंग खाजतंय म्हणून. शेजारची भिंत ठोकली गेली. मी तिला थोपटलं नाही, गप्प केलं नाही, मांडीवर घेऊन ते रडणं ऐकत बसले. मग मला हे कळेना, की इकडे एक पोर रडायला लागली म्हणून माझ्या छातीवरचं ओझं कमी व्हावं, ते उलट का वाढतंय. मैनाचा आवाज इथे येत नाही. आला असता तरी डोंगराच्या त्या बाजूला कळंब किती लांब. आणि तिथे अंगणात बसलेल्यांनाही तो येणार नाही, दार उघडं असलं तरी, कारण ती तो काढणारच नाही. तिला काल झटका आला असेल का? आत्ता येत असेल? ती कोणाला हाक मारायच्या आधी तोंडावर हात नेईल. रस्त्यावरून कोणी धावत आलं की मी उठते. दूधवाला असतो.

हे मी लिहिते आहे कारण मी विचारायला माणसं धाडते आणि सगळी माणसं तिला विचारून येतात. तुम्ही कोणी नेरळहून मुरबाडच्या रस्त्याने जाणार असाल, किंवा तुमचं कोणी त्या भागात असेल, तर कळंबला उतरा. गौराबाईंचं घर कोणीही दाखवील. थोरलीने पाठवलंय म्हणा. नाहीतर काही म्हणू नका, पाणी मागा. मैना पाणी घेऊन येईल. तिला बरी आहेस का विचारू नका, ते सगळ्यांनी विचारून झालं आहे. तिला ओट्यावर बसवा, सासूबाई काही म्हणाल्या तरी बसवा, आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरा. अंगठा उचलल्यावर खळगा तसाच राहतो का बघा. समोरच्या झाडावर पक्षी कुठला बसलाय ते तिला विचारा आणि तिला तो दिसतो का बघा. बाई असाल तर तुम्हाला हे करू देतील. पुरुष असाल तर शेजारच्या पारूला हाक मारा, मोठ्याने. ती येईल, आणि तिला ओरडायची लाज राहिलेली नाही. मग गाडी बघा, एसटी, टेंपो, काहीही, आणि तिला कर्जतला न्या. ती हसेल. हात तोंडावर नेईल आणि मला काय झालंय म्हणेल, बरी हाय म्हणेल. ऐकू नका. तिचा हात धरा आणि तिला उठवा.